श्रीखंडाचा डबा, दोन फ्लॅश आणि मुळशीचे बेडूक

गुरुवार, कोथरूड

निघायच्या आदल्या रात्री मी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीपाशी उकिडवी बसले होते. वॉचमनकाका मागे छत्री घेऊन उभे होते. छत्री माझ्यासाठी नव्हती, त्यांच्या स्वतःसाठीच होती. टाकीच्या भिंतीला एक झाडबेडूक चिकटला होता, आपल्याकडे गावच्या न्हाणीत हमखास सापडतो तो, तपकिरी, मांडीच्या मागे पिवळे ठिपके असलेला. गेली दोन वर्षं जसे काढत आले तसेच मी त्याचे फोटो काढत होते. फ्लॅश कॅमेऱ्याच्या डोक्यावर, तोंड सरळ समोर. बेडूक दिसत होता, पण आधार कार्डावरच्या माणसासारखा: सपाट, दचकलेला आणि कपाळावर पांढरा डाग. ओल्या कातडीवर समोरून उजेड मारला की पाण्याचा प्रत्येक थेंब आरसा होतो आणि तो थेट लेन्सकडे चमकतो.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मावशीच्या छंदाकडे सहानुभूतीनं बघतो. तो म्हणाला, "मावशी, तो ट्रिगर दिवाळीपासून खोक्यात पडलाय. फ्लॅश काढून माझ्या हातात दे की."

दिला. ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्यापासून लांबचा फ्लॅश वायरशिवाय उडवणारी डबी. त्यानं फ्लॅश बेडकाच्या डाव्या अंगाला, जरा वर धरला. पुढच्या फोटोत बेडकाला एकदम पाठ आली, पोट आलं, बोटांखाली सावली आली. वॉचमनकाकांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "हा तोच का?"

मग रात्री बारापर्यंत आमचा कारखाना चालला. श्रीखंडाचा अर्धा किलोचा दुधी-पांढरा डबा घ्यायचा, तळाला फ्लॅशचं तोंड बसेल एवढा चौकोन कापायचा, आतून चिप्सच्या पाकिटाची चंदेरी बाजू चिकटवायची आणि झाकणाच्या जागी बटर पेपरचे दोन पदर. झाला डिफ्यूझर. विकतचाही मिळतो, पण तत्त्व तेच. फ्लॅशचं मूळ तोंड चार बोटांचं, डब्याचं तळहाताएवढं. तीन सेंटिमीटरच्या बेडकापासून वीतभर अंतरावर तळहाताएवढा उजेड म्हणजे त्याच्या दृष्टीनं ढगाळ आभाळच. चमक पसरते आणि कातडीचा पोत दिसायला लागतो. डबा मात्र तीन वेळा धुवा. मी एकदाच धुतला आणि दुसऱ्या दिवशी वेलचीच्या वासानं मुंग्या आल्या.

शुक्रवार

चांदणी चौक, पिरंगुट, पौड. रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पावसानं दहा दिवस ओढ दिली होती आणि नेमका त्याच दुपारी तो परत आला. मुळशी धरणाच्या कडेनं पुढे जाऊन ताम्हिणीच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या घरी आम्ही उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे चापड्याचा किस्सा आहे आणि सापांचे पत्ते फिरायला लागले की काय होतं ते आपण पाहिलंय.

घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि एक म्हैस. आजींचं सासरचं जुनं गाव धरणात गेलेलं. १९२१ च्या मुळशी सत्याग्रहाबद्दल त्यांनी सासऱ्यांकडून ऐकलंय. पण त्याबद्दल त्या दोनच वाक्यं बोलल्या आणि लगेच विचारलं, "ताई, तुमी कशाचं फोटू काढता?"

"बेडकांचे. सापांचे, सरड्यांचे पण."

"बेडकाचं? आन् त्ये कशापायी?"

याचं उत्तर मला अजून नीट सुचलेलं नाही.

संध्याकाळी सातला परसातल्या कारवीतून टिक्-टिक्-टिक् सुरू झालं, कुणी दोन खडे एकमेकांवर आपटावेत तसं. आवाज मोठा आणि बेडूक अंगठ्याच्या पेराएवढा, त्यामुळे सापडता सापडत नाही. आम्ही दोघं दोन बाजूंनी उभे राहिलो, जिथून आवाज येतो त्या दिशेला हात केला आणि जिथे हात एकमेकांना छेदतात तिथलं पान न् पान बघितलं. दहाव्या मिनिटाला सापडला. कंबरेच्या उंचीवर, पानाच्या मधोमध, गळ्याची पिशवी फुगवून.

ही झुडपी बेडकांची मंडळी मोठी मजेशीर. यांची अंडी झाडोऱ्यात किंवा पाचोळ्यात असतात आणि पाण्यात पोहणारा बेडूकमासा यांच्यात होतच नाही, अंड्यातून थेट इवलासा बेडूक बाहेर पडतो. २०१३ साली पुण्याच्या अभ्यासकांनी उत्तर सह्याद्रीतल्या अशाच एका जातीचं वर्णन केलं आणि प्राध्यापक हेमंत घाटे यांच्या नावावरून तिला 'राओर्केस्टिस घाटेई' नाव दिलं. आमच्या पानावरचा तो, की त्याचा भाऊबंद बॉम्बेएन्सिस, हे ठरवायचं तर आवाजाचं रेकॉर्डिंग लागतं. माझ्याकडे होता फक्त फोटो.

फोटोचंही सहज जमलं नाही. डावीकडून डब्याचा फ्लॅश मारला तर बेडूक छान आला, पण पिशवी म्हणजे नुसता पांढरा गोळा. मग दुसरा फ्लॅश पानाच्या मागे खाली नेला, १/६४ ताकदीवर, तोंड वर करून. पुढचा फ्लॅश १/१६ वर. आयएसओ (सेन्सरची उजेड टिपायची क्षमता) २००, लेन्सचं भोक एफ/११ (आकडा मोठा तसं भोक लहान), शटर १/२००. पिशवी फुगायची वेळ आवाजावर धरायची. तो तीन-चारदा टिकटिकतो, मग थांबतो. सातव्या का आठव्या प्रयत्नात जमलं. उजेड पिशवीच्या आरपार आला आणि तिच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या दिसल्या, पिंपळाच्या जाळीदार पानासारख्या. भाच्यानं स्क्रीन बघितली आणि काही न बोलता माझ्या हातातली टॉर्च बंद केली, म्हणाला, "आता त्याला त्याचं काम करू दे."

बारा फोटोंवर थांबलो. एका प्राण्याला जास्तीत जास्त दहा मिनिटं हा नियम मी स्वतःला घालून घेतलाय. तो ओरडायचा थांबला तर त्याआधीच निघायचं, कारण त्या ओरडण्यावरच त्याचा हंगाम चालतो.

जेवायला तांदळाची भाकरी, टाकळ्याची भाजी आणि ठेचा. टाकळा पहिल्या पावसाचाच खावा, नंतर तो जून होतो.

जाणाऱ्यांसाठी थोडं इथेच सांगते. शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर नेऊ नका. बऱ्याच कॅमेऱ्यांची फ्लॅशशी जुळणी तिथेच संपते आणि फोटोत काळी पट्टी येते. हाय-स्पीड सिंकनं वर जाता येतं, पण फ्लॅशची ताकद खर्ची पडते. हात हलला तरी घाबरू नका. अंधारात फोटो शटर काढत नाही, फ्लॅश काढतो, आणि १/१६ ताकदीवर त्याचा लखलखाट सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरताच असतो. आणि एफ/२२ चा मोह टाळा. १:१ इतक्या जवळून, म्हणजे सेन्सरवर प्राणी खऱ्या आकाराचा उमटेल असं काढताना एफ/११ च मुळात एफ/२२ सारखा वागतो, त्याच्या पुढे गेलात तर सगळंच मऊ पडतं.

शनिवार

रात्रभर कोसळत होता. सकाळी लेन्स पिशवीतून काढली तर आत धुकं. चूक माझीच, कॅमेरा गाडीच्या एसीतून थेट खोलीत आणि खोलीतून थेट बाहेर काढला होता. बंद पिशवीतच तासभर बाहेरच्या हवेत ठेवायचा आणि मग उघडायचा, हे मी दर वर्षी नव्यानं शिकते.

धुकं जाईपर्यंत चुलीपाशी चहा. मग ओढ्यावर. ओढ्याच्या वरच्या अंगाला एक काळा खडक आहे, त्यावरून पाण्याचा कागदाएवढा पातळ पापुद्रा वाहतो. त्यावर बोटाच्या नखाएवढे काळपट काहीतरी सरकत होतं. भाच्याला वाटलं किडे. ते इंडिराना बेडकांचे बेडूकमासे होते. हे डबक्यात पोहत बसत नाहीत, ओल्या उभ्या खडकाला चिकटून खडकावरचं शेवाळ खरवडतात आणि जवळ गेलात तर लांब शेपटीनं टुणकन उडी मारतात. समोरून उजेड मारला की खडक आणि पिल्लू एकाच रंगात बुडून जातात. इथे फ्लॅश खडकाला जवळजवळ टेकवून, अगदी तिरका, कडेनं घासत जाईल असा धरला. पाण्याच्या पापुद्र्याची कड उजळली आणि प्रत्येक पिल्लाभोवती पाण्याला पडलेला बाक दिसला. पाणी तिथे आहे हे या फोटोत पहिल्यांदा कळतं.

हे करताना दोन्ही गुडघे सोलवटले. गुडघ्याला बांधायचे पॅड मिळतात, शेतकऱ्यांसाठीच्या दुकानात स्वस्त. मी आणले नव्हते.

दुपारी खेकड्यांचा रस्सा. आदल्या रात्री गावातली तीन पोरं कंदील आणि पोती घेऊन ओढ्यावर खेकडे धरायला गेली होती, त्यातला वाटा आजींकडे आला होता. नांग्या फोडून चोखताना त्यातला एक पोरगा सहज म्हणाला, "हिरवा बघायचाय का? मोरीपाशी कारवीत हाय. परवापासनं हलला न्हाय."

हिरवा म्हणजे चापडा, बांबू पिट वायपर. तो हलला नाही यात नवल नाही. दबा धरून बसणारा साप आहे, एकाच फांदीवर दिवसेंदिवस बसतो, समोरून बेडूक-पाल जायची वाट बघत. मला नवल वाटलं ते पोरांचं. आम्ही महिनाभर फोटो बघून ज्याच्या मागे लागलो होतो, तो त्यांच्या खेकड्यांच्या वाटेवरचा नेहमीचा इसम होता. ते त्याला वळसा घालून जातात, तो त्यांना काही करत नाही.

रात्री आठला निघालो तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. छत्री धरली तर फ्लॅश कुणी धरायचा? आजींनी आतून इरलं आणलं. बांबूच्या कामट्यांचं, वर पानं आणि त्यावर हल्लीचा निळा प्लास्टिक कागद. "आवणीला ह्येच घेतोय आमी. दोनी हात मोकळं ऱ्हात्यात." इरलं डोक्यावर घेऊन भाचा वाकला आणि त्याच्या पोटाशी फ्लॅश, डबा, बटर पेपर सगळं कोरडं राहिलं. हजारो रुपयांच्या रेन कव्हरनं जे मला कधी दिलं नाही ते त्या इरल्यानं दिलं.

चापडा मोरीच्या वर, छातीच्या उंचीवर होता. हिरवा म्हणजे किती हिरवा, हे टॉर्चमध्ये कळतच नाही. फांदीवर वेटोळं, मान थोडी मागे खेचलेली. इथे मी १:१ विसरले. १०० मिलिमीटरच्या मॅक्रोनं १:१ काढायचं तर लेन्सचं तोंड सापापासून जेमतेम चौदा-पंधरा सेंटिमीटरवर येतं, म्हणजे त्याच्या झेपेच्या आत. मी मीटरभर लांब राहिले, फोटो कापून मोठा करता येतो. फ्लॅश हातात न धरता मोनोपॉडच्या टोकाला बांधला आणि भाच्यानं तो लांबून पुढे केला. एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी. आपल्याकडचं अनेक सापांवर चालणारं प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बनतं, चापड्याच्या नाही. चावला तर दवाखान्यात जायचंच, पण चावूच द्यायचा नाही हा खरा उपाय.

पहिला फोटो सवयीनं मी फ्लॅश समोर ठेवूनच काढला. छान आला, कॅलेंडरसारखा. डोळा, खवले, हिरवा रंग, सगळं स्वच्छ. मग भाच्याला म्हटलं, उजवीकडे ने, अजून, अजून, त्याच्या गालाच्या रेषेत. फ्लॅश पडला आणि स्क्रीनवर डोळा आणि नाकपुडीच्या मध्ये एक काळं भोक दिसलं. उष्णता ओळखायची खाच ती, जिच्यावरून याला 'पिट' वायपर म्हणतात. पहिल्या फोटोत ती होतीच, पण समोरच्या उजेडानं ती भरून निघाली होती, एखाद्या खवल्यासारखी सपाट. आता तिला खोली होती. उभी बाहुली, त्याच्या पुढे ती खोल सावली, आणि बाकी अर्धा चेहरा अंधारात. तो अंधार मी आधी दर वेळी एडिटिंगमध्ये 'शॅडो' वर ओढून घालवायचे.

पाच फोटो. सहाव्याला काहीच झालं नाही. कारवीच्या पानावरून पाण्याची एक सर थेट कॅमेऱ्यावरच्या ट्रिगरवर आली होती. दिवा लुकलुकला आणि विझला.

परतताना गवताच्या टोकाला एक सरडा झोपलेला दिसला, शेपूट लोंबती, रंग फिकट पडलेला. फोटो काढता येणार नव्हता म्हणून बराच वेळ नुसता बघितला. भाच्याला म्हटलं, २०१६ मध्ये पंख्यासारखा गळा फुलवणाऱ्या सरड्यांच्या एका नव्या जीनसचं (प्रजातीचं) नाव शास्त्रज्ञांनी 'सराडा' ठेवलं, आपल्या मराठी शब्दावरून. तो म्हणाला, "मग आपण खेकड्यावरून काही ठेवू या," आणि लगेच जेवायचं काय आहे ते विचारलं.

परवानगीबद्दल. ताम्हिणीचं अभयारण्य आहे आणि त्यात रात्री फिरायला मोकळीक नाही. आम्ही फिरलो ते यजमानांच्या खाचरात, परसात आणि गावच्या ओढ्यावर, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पलीकडे जायची गरजही पडली नाही. डास फार आहेत, पण डास पळवायचं औषध हाताला लावून बेडकाला हात लावू नका. त्यांची कातडी सगळं शोषून घेते. मुळात हातच लावू नका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, गमबूट आणि पायाखाली टॉर्च. फुरसे पायाखालीच असतं.

रविवार

पहाटे साडेचारला खाचरातून म्हशी हंबराव्यात तसा आवाज आला. बाहेर आले तर आजी ओट्यावर बसलेल्याच होत्या. "आलं त्ये," एवढंच म्हणाल्या.

मोठ्या पावसानंतर शेतातला मोठा बेडूक, ज्याला इंग्रजीत बुलफ्रॉग म्हणतात, एकाच रात्रीत रंग बदलतो. एरवी शेणकट हिरवा असणारा नर हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्याशार. खाचरात वीस-पंचवीस तरी होते. एकमेकांवर चढत होते, ढकलत होते, डरॉव डरॉव करत उताणे पडत होते. एके काळी यांच्या तंगड्या परदेशात जायच्या. १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली. आजींच्या मुलाला बारीकसं आठवतं, पावसात ट्रक यायचे.

ट्रिगर बंद, आणि हा देखावा वर्षातून एखाद-दोनदाच होतो. मग जुनी युक्ती. बऱ्याच फ्लॅशमध्ये स्लेव्ह मोड असतो, दुसरा कुठलाही फ्लॅश चमकला की तोही उडतो. माझ्या जुन्या डीएसएलआरवर छोटा पॉप-अप फ्लॅश आहे. तो १/१२८ वर ठेवला आणि त्याच्यापुढे तळहात आडवा धरला, म्हणजे बेडकांवर न पडता बाजूला जाईल. मोठा फ्लॅश काठीला बांधून, वर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून, बेडकांच्या पलीकडे चिखलात रोवला, तोंड माझ्याकडे. मॅक्रो लेन्स काढून साधी १८-५५ लावली. पूर्वेकडे आभाळ निळं व्हायला लागलं होतं. आयएसओ ८००, एफ/८, शटर १/३०, म्हणजे फ्लॅशच्या मागे आभाळही उमटेल.

पाऊस समोरून उजळला तर फोटोभर पांढरे ठिपके पडतात. मागून उजळला तर पावसाच्या धारा होतात. पिवळा बेडूक, त्याच्या कडेला उजेडाची रेघ, मागे चमकत्या धारा आणि वर निळसर आभाळाखाली तरव्याच्या पोपटी रोपाची पट्टी. आठपैकी सहा फोटोंत मोठा फ्लॅश पेटलाच नाही, माझ्या हाताचा आडोसा जरा जास्तच झाला होता. दोन मिळाले. एकात बेडकानं डोळे मिटलेत.

आजी बांधावर आल्या होत्या, इरलं घेऊन. स्क्रीन दाखवली. बराच वेळ बघितलं त्यांनी. मग म्हणाल्या, "आमचं खाचर हाय ह्ये?" त्यांना बेडकाचं कौतुक नव्हतं, तरवा किती सरस उगवलाय ते त्या बघत होत्या. मी त्यांचाही एक फोटो काढला, इरल्यासकट, उजेड बाजूनंच. तो छापून पाठवायचा आहे.

निघायला नऊ वाजले. परतीचा रस्ता सगळ्यात वाईट. रविवारच्या पावसात धबधब्यांकडे जाणाऱ्या गाड्यांची समोरून रांग, आणि आमच्या बाजूच्या डांबरावर रात्रभरात चिरडलेले भेक, बेडूक, एक नानेटी. पहिले दोन किलोमीटर भाचा मोजत होता, मग त्यानं मोजणं सोडून दिलं. पावसाळ्यात अंधार पडल्यावर घाटात गाडी हळू चालवा, एवढंच सांगते. रस्त्यावर छोटा काळा गोळा उडी मारताना दिसला तर ते पान नाही.

घरी पोचल्यावर बूट ब्लीच पावडरच्या पाण्यात घासले. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी चिखलातून एका ओढ्यावरून दुसऱ्या ओढ्यावर जाते, त्यामुळे हे दर वेळी करायचं, दमलेले असलात तरी. बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. डब्याचा बटर पेपर ओला होऊन सुटला होता, तो बदलला. आईनं डबा ओळखला, पण काही बोलली नाही.

येताना आजींकडून पाच किलो आंबेमोहोर घेतला होता, त्यांच्याच खाचरातला. ट्रिगर त्याच तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलाय. कुकर लावताना आई रोज तो बाहेर काढते, फुंकर मारते आणि परत आत ढकलते. दिवा अजून लागलेला नाही.